तेरा घरटी

जनाने आकडीची काठी उचलून जांभळाच्या शेंड्याकडे धरली. वर, दोन फांद्यांच्या बेचक्यात, काटक्या आणि पाल्याचा पाटीएवढा गोळा अडकला होता.

“ते बघा सायेब. अकरावं.”

पंढरी गार्डने ब्रश डब्यात बुडवून बुंध्यावर पांढरा आकडा ओढला. रंगाचा एक ओघळ मुंग्यांच्या रांगेवर उतरला. साहेबांनी मान मागे टाकून तो गोळा नीट पाहिला, वही तळहातावर धरली आणि लिहिता लिहिता स्वतःशीच म्हणाले,

“अकरा शेकरू.”

जना जागच्या जागी थबकली. मागे तिचा धाकटा दीर जैतू पायातला काटा काढायला वाकला होता, तो वाकलेलाच राहिला.

म्हणजे सकाळपासून साहेब घरटी मोजतच नव्हते! घरट्यागणिक एक जनावर धरून शेकरूच मोजत होते. आता पाड्यावरच्या शेंबड्या पोराला विचारलं असतं, तरी त्यानं सांगितलं असतं की शेकरू काही एका घरट्यावर भागवत नाही. सहा-सहा, सात-सात बांधतं आणि झोपतं एकात. वरून घिरट्या घालणाऱ्या घारीला नि खालून चढणाऱ्या सापाला पत्ता लागू नये म्हणून बाकीची नुसती दाखवायला. ह्या रानात एकच जोडी होती. पहाटे जना मोहाची फुलं वेचायला आली की दोघं डोक्यावरून खेकसायची, आणि जनाही त्यांना खालून चार शिव्या हासडायची. तेवढीच सोबत.

पण हे साहेबांना कोण सांगणार? वनखात्याचे हे साहेब घाटावरचे, पावसाळ्यानंतर बदली होऊन डोळखांबकडे आलेले. माणूस वाईट नव्हता, फक्त शेकरू त्यानं आजवर चित्रातच पाहिलं होतं. पंढरी भिवंडीकडच्या बागायतदाराचा पोरगा, नोकरीला लागून चार महिने झालेले. त्याचं सगळं लक्ष पँटीला रंग लागू नये इकडे. जाणणारी माणसं दोनच. वाट दाखवायला आलेली जना आणि जैतू.

डोंगराच्या पोटात वीज तयार होणार होती. वर एक तळं, खाली एक तळं, मध्ये बोगदा. पाणी खालून वर चढवायचं आणि पुन्हा वरून खाली सोडायचं. ‘ही कुठली रीत बाबा,’ म्हणून म्हातारी माणसं हसत होती, पण नको कुणी म्हणत नव्हतं. का म्हणावं? जैतूचा थोरला पोरगा दीपेश मुरबाडला कारखान्यात होता आणि आठवड्यातले दोन दिवस वीज नाही म्हणून घरी बसत होता. पाड्यावरची निम्मी माणसं बोगद्याच्या कामाला लागली होती, म्हणून यंदा वीटभट्टीची वाट कुणाला धरावी लागली नव्हती. घोडं अडलं होतं ते रस्त्यापाशी. यंत्रं वर न्यायला रस्ता हवा आणि त्याला जागा दोनच. वरून न्यायचा तर वाघोबाच्या ह्या रानातून, खालून न्यायचा तर भाताच्या खाचरांतून. त्यावर वरच्या ऑफिसातून पत्र आलं होतं, की रानात दहाच्या वर शेकरू निघाले तर एका झाडाला हात लावायचा नाही, रस्ता खालून काढायचा.

आणि खाली सगळ्यांत आधी जैतूची खाचरं होती. सलग सहा. भरपाई मिळणार होती म्हणे, पण भरपाईत भात रुजत नाही.

जनाला खाचर नव्हतं. म्हणजे, होतं. त्याच सहांतली तीन तिच्या नवऱ्याची, धर्माची. नऊ वर्षांपूर्वी धर्मा तापानं गेला आणि बाराव्याचे पाहुणे गेल्यावर जैतू तिला शहापूरला घेऊन गेला, कुठल्याशा कागदावर अंगठा हवा म्हणून. तिनं दिला. पुढं कळलं की सातबारावर एकट्या जैतूचं नाव चढलंय. ती विचारायला गेली तेव्हा जैतू तिच्याकडे न बघता म्हणाला होता, “तुला मागं कोण हाय वैनी? पोर ना बाळ. तुला कशाला लागतंय खाचर?” ह्याच जैतूला तिनं कडेवर घेऊन वाढवलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो चार वर्षांचा होता. खाचरं गेल्यापासून जनाचं पोट रानावर होतं. चैतात मोह, मग करवंदं, हिरडा, पावसात रानभाज्या, दिवाळीनंतर मध. लोकांचं शेत खाली होतं, तिचं शेत हे असं वर, झाडांवर होतं.

बारावं घरटं ऐनावर निघालं. तेरावं आंब्यावर. तिथून पुढं वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आणि मग उतार.

“तेरा,” साहेबांनी वही मिटली. “चला, प्रश्न मिटला. रान वाचलं.”

खोटं कशाला बोलायचं, आनंदच झाला जनाला. आपण काही केलं नाही, काही बोललो नाही. सुंठीवाचून खोकला गेला. नऊ वर्षांनी देवानं डोळे उघडले, असंच तिला वाटलं.

“सायेब,” जैतू पुढं आला. त्याचा आवाज चिरकला होता. “तेरा नाय ते. तेरा घरटी हायेत. जनावरं दोनच. एकच जोडी हाय.”

“दोन?” साहेब हसले. “दोघांना तेरा घरटी? सावकार आहेत का ते?”

“खरं सांगतो. एकात राहतात, बाकीची खोटी. फसवायला.”

“वा! म्हणजे जनावरही खोटं बोलतं म्हण की.” साहेबांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काय रे, तुझं शेत आहे ना खाली?”

जैतू पायानं पाचोळा चाळवू लागला.

“सायेब, ह्याचंच हाय,” पंढरीने ब्रश झटकत सांगून टाकलं. “पहिलाच गट.”

“तरीच. चोराच्या मनात चांदणं.” साहेब जनाकडे वळले. “मावशी, तुमचं शेत नाही ना? मग तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी लिहितो. दोन, की तेरा?”

जनाने पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. नुसतं ‘तेरा’ म्हणायचं. तीनसुद्धा अक्षरं नाहीत. डोळ्यांपुढं जैतूची बायको सावळी आली, चिखलात उभी, पाठीवर ओल्या केसांचा बुचडा. त्यांची धाकटी पोर रोशनी आली. ती तर अर्धी जनाकडेच जेवायची, काकूच्या हातचीच भाकर पाहिजे म्हणून रडायची. येऊ देत. धर्माची तीन खाचरं गिळताना ह्यांच्यातलं कोण रडलं होतं?

“वैनी,” जैतूने तिचं मनगट धरलं आणि खेचतच तिला शेंदराच्या दगडापाशी नेलं. “ह्याच्यावर हात ठेव. आणि मग बोल काय बोलायचं ते.”

“अरे, जबरदस्ती नको,” साहेब म्हणाले.

“जबरदस्ती नाय सायेब. आमच्यात वाघोबाम्होरं कोण खोटं बोलत नाय.”

जनाला त्याचा असा राग आला की आकडीचा एक टोला त्याच्या टाळक्यात घालावा. माझा अंगठा घेतलास तेव्हा कुठं गेला होता रे तुझा वाघोबा? पण हात दगडावर टेकला होता. दगड उन्हानं तापला होता आणि शेंदूर बोटांना चिकटत होता. दर साली पहिलं हिरड्याचं ओंजळभर फळ ती इथंच ठेवत आली होती.

“दोनच हायेत,” ती म्हणाली. “एकच जोडी. जैतू खरं बोलतो.”

साहेबांनी वही उघडली. तेरावर काट मारली. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण लिहिताना त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही.

“मग सायेब,” पंढरीने विचारलं, “हेच नंबर तोडीला चालतील ना? की पुन्हा रंग मारायचा?”

“चालतील. चौदापासून पुढे टाक.”

जनाने हातातली आकडी आंब्याला टेकवून ठेवली. दोन पुरुष लांबीची, टोकाला लोखंडी वाकडं असलेली, धर्माने करून दिलेली आकडी. पुन्हा कधी लागणार नाही अशी वस्तू माणूस ठेवतं, तशी हळूच तिनं ती टेकवली. मग ती बाजूला जाऊन एका मुळावर बसली आणि तळव्यावरचा शेंदूर पाचोळ्याला पुसू लागली.

जैतूची खाचरं वाचली होती. त्यानं खरं तर उड्या मारायच्या. तो उभा होता आणि आकडीकडे बघत होता.

“सायेब.”

“आता काय?”

“तेराच हायेत.”

साहेबांचं पेन थांबलं. “काय म्हणालास?”

“तेरा. शेतापायी खोटं बोललो मी.” जैतू दगडापाशी गेला आणि कुणी सांगितलं नसताना त्यानं आपला पंजा शेंदरावर दाबून धरला. “ही आन घेतो. घरट्यागणिक एक जनावर. तेरा.”

“आणि ह्या बाई?”

“ती माझी भावजय हाय, सायेब. माझी पोरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. माझं शेत जाऊ नये म्हणून खोटं बोलली ती.”

जना ताडकन उठली. तोंड उघडलं. जैतूने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या डोळ्याला डोळा दिला होता. जनाने तोंड मिटलं.

“मला वाटलंच होतं!” साहेबांच्या स्वरात सुटल्याचा भाव होता आणि रागही होता. “स्वतःच्या शेतावर धोंडा पाडून घ्यायला कोण खोटं बोलेल? हे बरोबर आहे. आणि मावशी, तुम्ही? मी तुमच्यावर विश्वास टाकला. देवाच्या दगडावर हात ठेवून खोटं? ह्या वयात? शोभतं का?”

जनाची कानशिलं तापली. सबंध दिवसात ह्या रानात एकच माणूस देवासमोर खरं बोललं होतं, आणि तेच आता खाली मान घालून शिव्या खात होतं. एक शब्द बोलली असती तर साहेबांची सगळी वही पुन्हा उलटी झाली असती. तिनं जीभ दातांखाली धरली.

“चुकलं सायेब,” ती म्हणाली.

साहेबांनी दोनवर काट मारली आणि वर पुन्हा तेरा लिहिलं. जैतूचा अंगठा घेतला, तिचाही घेतला. पंढरीने रंगाच्या डब्याचं झाकण दाबून बसवलं, आणि ते दोघं जीप उभी होती त्या बाजूला उतरून गेले.

जैतू आंब्यापाशी गेला, आकडी घेऊन आला आणि तिच्यापुढं धरली.

“घे. हिरडा धरायला लागलाय.”

तिनं घेतली. बोटांची शाई आकडीच्या काठीला लागली. वाट एकाच माणसापुरती होती, म्हणून जैतू पुढं आणि जना मागं अशी दोघं उतरू लागली. झाडी संपली तशी खालची खाचरं दिसली. सहाच्या सहा. गवत जाळून रोपांसाठी राब केलेला, बांधावर सावळीची पांढरी शेळी चरत होती.

“त्यातली तीन तुझी होती,” जैतू म्हणाला. पाठमोराच म्हणाला.

हे एक वाक्य ऐकायला जना नऊ वर्षं थांबली होती. रात्री उशीत तोंड खुपसून तिनं त्याच्याकडून ते किती तरी वेळा वदवून घेतलं होतं. आता ऐकलं तर हसावं की रडावं कळेना.

“गेली तेव्हा बोललास.”

“आजबी तुला न विचारताच दिली.”

“ह्या बारीला विचारलं असतंस,” जना म्हणाली, “तर हो म्हणले असते.”

जैतू उतारावर एकदम थांबला. त्यानं आपला शेंदरी पंजा उलटासुलटा करून पाहिला आणि धोतराला पुसला. डाग धोतराला लागला, हाताचा गेला नाही. त्याला भीती वाटत होती, आणि ती त्यानं लपवलीही नाही.

“खोटी आन घेतली वैनी. वाघोबाला कोंबडं द्यायला लागंल. उद्याच देतो.”

“दोन दे.”

“दुसरं कशाला?”

जना त्याला वळसा घालून पुढं झाली.

“मी गप बसले ना,” ती म्हणाली. “ते माझ्या खुराड्यातलं ने. तांबडं.”