देवी यायच्या आधी

उपकेंद्रातला पंखा मे महिन्यात नुसता आवाज करायचा. वारा द्यायचं त्यानं कधीच सोडून दिलं होतं. त्याच्याखाली बसलेल्या समीक्षाताईंचंही थोडंफार तसंच झालं होतं. नोकरीला लागल्या तेव्हा या आरोग्यसेविका डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर जवळजवळ पळत जायच्या. आता खुर्चीतून उठायचं तरी टेबलाचा आधार लागायचा. वय म्हणाल तर पस्तिशीसुद्धा नाही! पण दार वाजवायचं, समजावायचं, "उद्या या" ऐकायचं, आणि उद्या परत तेच दार वाजवायचं. हे वर्षानुवर्षं केलं की माणूस आतून दमतो. तुमच्या-आमच्या गावातल्या नर्सबाईसुद्धा अशाच दमलेल्या असतील. आपण कधी विचारत नाही, एवढंच.

त्यात लोणावळ्याला बैठक झाली. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की शत्रू बॉम्बच टाकेल असं नाही, तो एखादा रोगसुद्धा मुद्दाम सोडू शकतो. पावसाळ्यातल्या एका रविवारी भुशी धरणावर एक जरी आजारी माणूस फिरला, तरी त्याच्या शेजारी भिजलेली निम्मी माणसं रात्रीपर्यंत घाट उतरून मुंबईत असतील आणि निम्मी उर्से टोलनाका ओलांडून पुण्यात. मग रोग शोधायचा कुठे? म्हणून ठरलं की अख्ख्या गावाला झटपट लस देता येते का, याची रंगीत तालीम करायची. तालीम असली तरी सुईत पाणी नसणार होतं. ज्या मुलांचा गोवराचा डोस राहिलाय त्यांना तो द्यायचा आणि मोठ्यांना धनुर्वाताची सुई.

समीक्षाताई शेजारच्या बाईंच्या कानात म्हणाल्या, "आजारी कुणी नाही, तर एवढी पळापळ कशाला? आणि भुशीला रविवारी अतिरेक्याला उभं राहायला तरी जागा मिळते का?" दोघी हसल्या. पण ते हसणंही दमलेलंच होतं.

गावात दवंडी द्यायचं काम पप्पूकडे आलं. पप्पू म्हणजे रिक्षावाला, तीन मुलांचा बाप, आणि जत्रेत माइक कायम त्याच्याच हातात. समीक्षाताईंनी त्याला कागद दिला. त्यावर लिहिलं होतं की देवीसारखा एखादा रोग कुणी मुद्दाम पसरवला तर गावाची तयारी किती आहे, हे पाहण्यासाठी ही तालीम आहे, तरी सर्वांनी शाळेत यावं आणि घाबरू नये.

आता एवढं लांबलचक वाक्य, त्यात चढाचा रस्ता, खरखरणारा भोंगा आणि पप्पूची जत्रेची सवय! वरच्या फणसराईच्या वाडीपर्यंत पोचलं ते एवढंच: "देवी येणार आहे हो, देवी येणार आहे! उद्या सकाळी सगळ्यांनी शाळेत यावं! घाबरू नये!"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर खालच्या गावच्या बायका खण-नारळ घेऊन हजर! कुणी केसांत गजरा माळलेला, कुणी नवं लुगडं नेसलेली. समीक्षाताईंनी कपाळाला हात लावला. पण बायका समजूतदार होत्या. आधी पोटभर हसल्या, मग पप्पूला चार शब्द ऐकवले आणि नारळ बाजूला ठेवून दंड पुढे केले. खालचं गाव दुपारच्या आत उरकलं.

वाडीतून मात्र एकही माणूस उतरला नाही.

लसीचा निळा डबा खांद्याला अडकवून समीक्षाताई पप्पूच्या रिक्षात बसल्या. रस्ता संपला तिथून पुढे पायवाट. उन्हात दगड तापले होते. मनात एकच नाव होतं, करिष्मा. वाडीतल्या रूपाची दीड वर्षांची पोर. रूपा करवंदं विकायला भुशीच्या रस्त्यावर, तिचा नवरा बंगल्यावर माळीकाम करायला, म्हणून गोवराचा डोस दोनदा चुकला होता. आजही चुकला तर ती पोर पुढचे कितीतरी दिवस उघडीच राहणार होती. गोवराला तालीम कळत नाही.

वाडीच्या तोंडाशी दोन झाडांना आडवी दोरी बांधलेली. दोरीला कडुलिंबाचे डहाळे. आणि दोरीच्या आत दगडावर बसलेले शिदू आबा, वाडीतले जाणते.

"बाई, थितंच थांबा," ते म्हणाले. "देवी यायचीय. आत कुनी यायचं न्हाई, भाईर कुनी जायचं न्हाई."

समीक्षाताईंनी पप्पूकडे पाहिलं. पप्पू पायवाटेकडे बघायला लागला.

झालं होतं असं, की जुन्या माणसांच्या बोलीत देवी म्हणजे अंगावर फोड उठणारा तो भयंकर रोग. देवी घरात आली की दाराला कडुलिंब लावायचा, स्वयंपाकात फोडणी द्यायची नाही, अंगाला सुई-लोखंड लावायचं नाही आणि परक्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. खालच्या गावानं देवी ऐकून नारळ काढले. वाडीनं तोच शब्द ऐकून दोरी बांधली. सकाळपासून कुणाच्या चुलीवर फोडणी पडली नव्हती. विकायला न्यायची करवंदं टोपल्यांत पानांखाली सुकत होती.

समीक्षाताईंनी सांगून पाहिलं की तो रोग जगातून कधीच गेलाय. आबांनी शांतपणे विचारलं की गेलाय, तर मग भोंग्यावर येणार म्हणून का सांगितलं. आता खरं सांगण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्या म्हणाल्या, "आबा, तो आपोआप नाही यायचा. पण तसा एखादा रोग एखाद्या दिवशी कुणी माणूस मुद्दाम आणू शकतो. म्हणून तयारी."

आबा दगडावर पुढे सरकले.

"मानूस आननार?" ते म्हणाले. "असला मानूस असतो व्हय?"

समीक्षाताईंनी डबा दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि पप्पूला म्हणाल्या की चल, वाडी बंद आहे असं कळवू, आपण काय करणार. खरं सांगायचं तर त्यांना जरा बरंच वाटलं. चला, एक दिवस संपला.

एवढ्यात आतून आवाज आला. "कोन गं ती? टोचनारी का?"

काठी टेकत बाया आजी आली. शिदू आबांची थोरली बहीण. तिच्या चेहऱ्यावर बारीक बारीक खड्डे होते. समीक्षाताईंनी ते आधीही पाहिले होते, पण कधी विचारलं नव्हतं. रोजच्या घाईत कोण विचारतं?

"ही देवी," आजीनं स्वतःच्या गालाला बोट लावलं. "मी ह्या करिष्माच्या आयेपेक्षा बी ल्हान व्हते. दोरी बांदलीती, ह्याच झाडांना. आयनं फोडनी बंद केली, गानी म्हनली. सगळं रीतीनं केलं. माझं दोन भाव त्याच बंद घरात गेलं. मी तेवडी उरले."

मग तिनं सांगितलं की त्याच्या आदल्या साली देवीची लस टोचणारा एक माणूस डोंगर चढून आला होता. तेव्हा वाडीत सगळी धडधाकट. तिच्या बापानं त्याला याच जागेवरून परत पाठवलं होतं.

"काय म्हनला म्हाईताय माझा बा? म्हनला, आजारी कुनी न्हाई, तर सुई कशाला?"

हे तर समीक्षाताईंचंच वाक्य! लोणावळ्याच्या बैठकीत, हसत हसत, शेजारणीच्या कानात सांगितलेलं!

आजी पुढे म्हणाली, "दोरी बांदली त्यात बा चुकला न्हाई. दोरी बांदायलाच पायजे, आजार तिकडचा तिकडं ऱ्हातो. पन ती आजार आल्यावरची गोष्ट. आधीचं काम आमी केलंच न्हाई. मानूस आनंल का वारा आनंल, फोडाला काय त्याचं?"

आणि तिनं वळून शिदू आबांची बाही वर सरकवली. दंडावर दोन गोल वण होते, जुने, पांढुरके.

"ह्यो माझ्या पाठचा. देवी हून गेल्यावर झाला. तो टोचनारा परत आला, तवा बानं ह्याला सवता त्येच्या मांडीवर दिला. ह्याला टोचलं, म्हनून ह्यो आज हितं बसून तुला अडवतोय."

पप्पूला हसू आवरेना. आबांनाही. हसता हसता त्यांनी बाही खाली ओढली आणि उठून दोरीची एक गाठ सोडली. मात्र एक अट घातली. "आदी ह्या पप्पूला टोचा. देवी ह्येनंच आनली."

पप्पूनं डोळे घट्ट मिटून सुई घेतली. सगळी वाडी बघत होती.

रूपा मागेच उभी होती, करिष्माला कडेवर घेऊन. ती हळूच म्हणाली की सुईनं ताप येतो म्हणतात, पोर किरकिरली तर उद्या बाजाराला कशी जाऊ. एरवी समीक्षाताईंनी पाठ झालेलं उत्तर दिलं असतं. आज त्या तिच्याजवळ खाली बसल्या. थोडा ताप येऊ शकतो, तो उतरतो, त्यावरचं औषध मी देऊन जाते, आणि उद्या सकाळी मी स्वतः बघायला येते, असं म्हणाल्या. उद्या परत यायचं हे त्या स्वतःहून म्हणाल्या, किती दिवसांनी! रूपानं पोरीचा दंड घट्ट धरला. करिष्मानं डोंगर दणाणून सोडला. बाया आजीनं तिच्या तोंडात करवंद घातलं, तेव्हा कुठे ती गप्प झाली.

मग खरी तालीम झाली. तीच दोरी आबांनी लांबवर जमिनीवर ठेवली आणि सांगितलं की एकेका घरानं दोरीच्या कडेनं यायचं, मधे घुसायचं नाही. कोण म्हातारं आहे, कोण अंगणापर्यंतही चालू शकत नाही, कुठल्या घरात बाळंतीण आहे, हे सगळं वाडीलाच ठाऊक होतं. ऊन कलायच्या आत वाडी झाली. डब्यातला बर्फ अजून पुरता विरघळलाही नव्हता. चुली पेटल्या आणि सकाळपासून अडलेली फोडणी एकदम सगळ्या घरांतून चुरचुरली.

समीक्षाताई दमल्या होत्याच. पाय दुखत होते, परतीची वाट तेवढीच होती. उतरता उतरता त्यांनी पप्पूला दोन गोष्टी सांगितल्या. पुढच्या वेळी भोंगा लावायच्या आधी मी वर येऊन आजीशी बोलणार, आणि भोंग्यावर काय बोलायचं ते आजीच ठरवणार.

मागून आबांनी हाक मारली. "बाई, परत कवा ही तालीम?"

"पुढच्या वर्षी, आबा."

"मग दोरी ठिवतो," ते म्हणाले, आणि कडुलिंबाचे डहाळे काढून त्यांनी ती नीट गुंडाळली.

नागरिकहो, असला माणूस असतो का, या आबांच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही. नसेल तर फारच छान. पण रोग माणसानं आणला की वाऱ्यानं, हे आपलं अंग विचारत नाही. आपण सगळे म्हणतो, आलं की बघू. आणि आपल्या दारात पुन्हा पुन्हा येणारी नर्सबाई ते ऐकून ऐकून दमते. रोग आल्यावर दार तर सगळेच लावतात. तो यायच्या आधी, आपण धडधाकट असताना, तिच्यासाठी दार उघडायचं असतं!