ढील

आमच्या मत्स्यालयात शाळेची सहल आली की मी बारा नंबरच्या टाकीपुढे उभी राहते आणि तेच ते सांगते. "मुलांनो, ही कोळंबी जवळजवळ आंधळी. बीळ खणते ती, दारात पहारा देतो हा पट्टेरी मासा. बाहेर आली की ती एक मिशी कायम त्याच्या अंगावर टेकवून ठेवते. धोका दिसला की तो शेपटी हलवतो, आणि दोघं सुळकन आत." मग कुणीतरी दीडशहाणं विचारतंच, "बाई, त्यांचं लग्न झालंय?"

"नाही रे. दोन वेगळे जीव ते. एकमेकांवाचून अडतं, एवढंच."

हे म्हणताना माझी नजर कुठे जाते सांगू? मोठ्या टाकीकडे. माझा नवरा तिथला पाणबुड्या. रोज सकाळी पाठीला सिलिंडर लावून उतरतो, काचांवरचं शेवाळ खरवडतो. त्याच्या कमरेला दोर, आणि दुसरं टोक वर फळीवर बसलेल्या दोरवालीच्या हातात. सहा वर्षं! एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे वर ओढ. ना बोलणं ना बघणं, नुसतं बोटांना कळतं म्हणे. घरी मी चार हाका मारते तेव्हा कुठे साहेब "अं?" करतात. बरं, बाई काही रंभा नाही. पन्नाशी उलटलेली, गुडघ्यांनी बेजार. तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो तो होतोच.

परवा मी म्हटलंच, "आज दोर मी धरते."

"धरा की वहिनी!" दोरवाली हसली. "तेवढाच माझ्या गुडघ्यांना आराम."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, तिच्याकडे! तिने मान हलवली तेव्हा उतरला. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. मला एकच बघायचं होतं, ह्या माणसाचं माझ्यावाचून कुठे अडतं का.

पहिला हिसका आला. ठीक आहे. मग दोन आले. तो कोपऱ्यातल्या खडकामागे गेला होता, मला दिसत नव्हता. मी दोर आणखी घट्ट धरला. पुन्हा दोन.

"वहिनी, सोडा थोडा."

"कळतंय मला," मी म्हटलं आणि दोराचा मनगटाला वेढा घेतला.

मग तीन आले. तेव्हा मात्र मी दोर झटकन ओढला.

वर येऊन त्याने तोंडावरचा मुखवटा काढला. "दोन कळले नाहीत?"

"कळले."

"मग?"

"सोडला तर परत येणार नाहीस असं वाटलं."

दोरवाली टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकून बाजूला गेली. तो केस पुसत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते.

"तिच्या हातात असला की दोर आहे हेच विसरतो मी," तो म्हणाला. "तुझ्या हातात होता तर दुसरं काही सुचेना. काच तशीच राहिली बघ."

"आणि घरी?" विचारायला नको होतं.

तो पायातले रबरी पंजे घट्ट करत होता.

"घरी सवय झालीय गं," तो म्हणाला, आणि माझ्या मनगटाचा वेढा सोडवून त्याने तिला हाक मारली.