पाठमोरी करवली

मार्गासनीच्या राजनंदिनीने पुण्यातली बरी चाललेली नोकरी सोडली आणि घरी बसून एकटीने व्हिडिओ गेम बनवायला घेतला, तेव्हा गावाने तिला वेड्यात काढलं. गेम म्हणजे बंदुका आणि पळापळ, एवढंच लोकांना ठाऊक. हिच्या गेममध्ये साधी काठीसुद्धा नव्हती. खेळणाऱ्याच्या हातात जुना कॅमेरा, त्यात छत्तीस फोटोंचं रीळ, आणि समोर गावातलं एक लग्न. फिरायचं, बघायचं, फोटो काढायचे. ते लग्नही तिने आईवडिलांच्या लग्नाच्या अल्बमवरूनच बेतलं होतं.

रविवारी हा गेम एका स्पर्धेला पाठवायचा होता. निवडला गेला तर ठीक, नाहीतर गुपचूप पुन्हा नोकरी धरायची, असं वडिलांशी, म्हणजे कुमाररावांशी ठरलेलं. आणि अडचण अशी, की तो गेम शेवटपर्यंत कुणी खेळतच नव्हतं.

तिचा भोरचा मित्र अजित फोनवर म्हणाला, "सुरुवात झकास आहे. मारामारी नाही म्हणून माणूस नीट बघायला लागतो. मांडवाच्या खांबाला टेकून झोपलेला ताशेवाला दिसला, तेव्हा मी एकटाच हसलो. पण मग लक्षात येतं, की काहीही जवळून, मधोमध आलं की गुण मिळतात. मी अख्खं रीळ म्हशीवर संपवलं. पैकीच्या पैकी!"

"मग?"

"मग कंटाळून बंद केला. फोटो पाठवलेत बघ. ह्या कॅमेऱ्याच्या गेमांचं असंच होतं. बघायला शिकवतात, पण कशासाठी बघायचं ते सांगायचं राहून जातं."

राजनंदिनीला राग आला, कारण ते खरं होतं.

त्याच दुपारी शिवऱ्याहून मंगलआत्या आली. नसरापुरात एसटी चुकली म्हणून वडापच्या खचाखच भरलेल्या जीपमध्ये अंग चोरून आलेली, त्यामुळे आधीच तापलेली. कुमाररावांची ही थोरली बहीण. तोंडाने फटकळ, मनाने लोणी, पण एक खोड भारी. कुणी मोबाईल फोटोसाठी उचलला, की ही पाठ फिरवायची. राजनंदिनीला आठवत होत्या तेवढ्या सगळ्या कार्यक्रमांच्या फोटोंत आत्या होती, आणि सगळीकडे फक्त तिचा अंबाडा होता. पोरं त्यावरून हसायची. राजनंदिनीही हसायची.

आत्याचा चहा झाल्यावर राजनंदिनीने गेमचं बटणांचं यंत्र तिच्या हातात दिलं. आत्या मांडवात फिरायला लागली. फिरतेय, फिरतेय, पण फोटो काही काढेना.

"आत्या, दाब की बटण."

"रीळ काय फुकाटचं हाय व्हय? नवरीचा मामा कुठं हाय? मामा आल्याबिगर फोटू काढला, तर जेवायचा न्हाई त्यो."

मामा सापडला तेव्हा पहिला फोटो निघाला. मग आत्याने अख्खी भावकी गोळा होईपर्यंत वाट बघितली, सगळ्यांचे पाय दिसतील अशी मागे सरकली, आणि पडद्यावरच्या बायकांना पदर नीट घ्यायला सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा त्यांचं माहेर काढलं. माणसं लांब गेल्यामुळे गेमने प्रत्येक फोटोला भोपळा दिला.

"ह्यो कोन शाना गुन देनारा?" आत्या म्हणाली. "ह्येच्या घरचं लगीन हाय का?"

शेवटचा फोटो तिने मुद्दाम राखून ठेवला होता. पाण्याच्या पिंपाजवळ हिरव्या लुगड्यातली एक बाई पाठमोरी उभी होती. आत्या तिच्या समोर गेली, तर ती फिरली. डावीकडून गेली, तरी फिरली. पाऊण तास हा खेळ चालला.

"हिला येवढा कसला माज आलाय गं?" आत्या ओरडली.

"आत्या, ती वळणार नाही. तिला तोंडच नाही."

"बिनतोंडाची बाई केलीस?"

"काय करू? अल्बममध्ये तू कुठंच नव्हतीस. मग बाकीच्या फोटोंत मला जशी दिसतेस तशी केली."

आत्याने पडद्याकडे पाहिलं. अंबाडा पाहिला, कमरेला खोचलेला पदर पाहिला. यंत्र हळूच खाली ठेवलं.

"त्या लग्नात मी करवली हुते," ती म्हणाली. "नवं लुगडं नेसून, हातात दिवा घिऊन हुबी. फोटूवाल्याचं रीळ संपल्यालं, पर मेल्यानं सांगितलं न्हाई. हनवटी वर करा म्हनला, नुसताच फ्लॅश मारला. अल्बम आल्यावर म्या पानन् पान हुडकलं. आचारी हाय, आचाऱ्याचं कुत्रं हाय, मी न्हाई. तुज्या बापाला सांगितलं, तर त्यो पोट धरून हसला."

राजनंदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण कशाला हसत होतो, हे तिला आज कळलं.

"आत्या, आता काढू फोटो?"

आत्या आत गेली आणि तोंडाला पावडर लावून अंगणात येऊन उभी राहिली. हनुवटी वर. राजनंदिनीने मोबाईल धरला.

"थांब," आत्या म्हणाली. "आदी त्यात जागा हाय का बग."

नव्हती. मोबाईल गच्च भरलेला होता. राजनंदिनीने अजितच्या म्हशी पुसून टाकल्या आणि फोटो काढला. आत्याने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "हाय की गं मी," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

रविवारपर्यंत आत्या तिथेच राहिली. तोवर राजनंदिनीने गेममधले गुण काढून टाकले आणि करवलीला चेहरा दिला. पाठवण्याआधी कुमारराव म्हणाले, "आन हिकडं, मी बगतो." त्यांनी नवरदेवाचे, म्हणजे स्वतःचेच, फोटो काढायचा सपाटा लावला. समोरून, बाजूनं, घोड्यासकट. मग पिंपाजवळ आले. हिरव्या लुगड्यातली बाई सावकाश वळली, हातात दिवा, हनुवटी वर.

"आरं, ही तर आक्का!" त्यांनी घाईने बटण दाबलं. नुसताच फ्लॅश पडला. रीळ संपलं होतं.

"हुडक आता अल्बमात," मागून आत्या म्हणाली.

कुमारराव हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.