कोरी बाटली निळी पडली

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र रागवायलाही उसंत नव्हती.

वरच्या गोठ्यांचं शेणामुताचं, फॉस्फरसने भरलेलं पाणी आमच्या तळ्यात येतं. ते गाळून यावं म्हणून तीन वर्षांपूर्वी मी आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांच्या मागे लागून काठाने लव्हाळ्यांचा पट्टा लावून घेतला. तेव्हापासून साहेबांचं एकच पालुपद, "आकडा दाखवा." या वर्षी फॉस्फरस उतरला नाही, तर पट्टा उपटून तिथे गाड्या लावायला जागा करायची, असं ठरलं होतं. बैठक दुसऱ्या दिवशी अकराला होती.

आणि नमुने निळेशार झाले! आमच्या चाचणीत रंग जितका गडद, तितका फॉस्फरस जास्त. गेल्या वर्षी आकडा अठ्ठेचाळीस होता, आता नव्वदच्या वर. साहेब खांद्यावरून डोकावले, "झालं तर मग," म्हणाले आणि चहाला गेले. त्या चहाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मग कोऱ्या बाटलीकडे लक्ष गेलं. नमुन्यांबरोबर एका बाटलीत आम्ही तळ्याचं नाही, प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी नेऊन आणतो. तिच्यात काहीच निघायला नको. तीही निळी पडली होती. म्हणजे खोट तळ्यात नव्हती, बाटल्यांत होती.

बाटल्या तर मी स्वतः आम्लाने धुऊन, सकाळी थेट तळ्यावर जाता यावं म्हणून, आदल्या दिवशी घरी नेल्या होत्या. मी सासऱ्यांना फोन लावला. निवृत्त झाल्यापासून घासायची भांडी त्यांच्या ताब्यात आहेत.

"अप्पा, माझ्या बाटल्यांना हात लावलात?"

"हात कसला, चांगल्या घासल्या! तू नुसत्या विसळून ठेवलेल्या. साबण नाही, काही नाही! पावडर टाकून लख्ख केल्या, पण कौतुकाचा एक शब्द नाही."

त्या पावडरीतच फॉस्फरस होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

"अप्पा, तळ्यावर या. होडी तुम्ही वल्हवायची."

नव्या बाटल्या घेऊन आम्ही नमुने घ्यायच्या चारही जागी पुन्हा फिरलो. अप्पा वल्हवत होते. शेवटच्या जागी त्यांनी विचारलं, "आणि आकडा खरंच वाईट निघाला तर?"

"तर तोच लिहायचा," मी म्हणाले.

संध्याकाळी अप्पा प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले, हात मागे बांधून. कोरी बाटली या वेळी कोरीच राहिली. नमुन्यांना निळसर झाक आली आणि तिथेच थांबली. यंत्रावर आकडा आला एकवीस. मी दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि चक्क ओरडले.

अप्पा दचकले. "आता काय झालं? पुन्हा माझ्यामुळेच का?"

"नाही हो अप्पा," मी डोळे पुसत म्हणाले, "लव्हाळ्यांमुळे."