चौथा ट्रॅक

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कॅसेट घालून गाणी ऐकायचा लहानसा डबा तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो आधी बाजूला ठेवा. मला उचलायला दोन माणसे लागतात, आणि उचलून झाल्यावर दोघेही कंबर धरून बसतात. माझ्या छातीवर दोन मोठी चाके आहेत. एका चाकावरची फीत दुसऱ्या चाकावर जाते आणि जाता जाता माझ्या तीन डोक्यांवरून घासत जाते. हो, मला तीन डोकी आहेत! पहिले डोके फितीवर आधीचे जे काही असेल ते पुसते. दुसरे नवे लिहिते. तिसरे ते वाचून दाखवते. म्हणजे माझ्यात पुसणारा सगळ्यांत पुढे आणि ऐकणारा सगळ्यांत मागे. माझ्या हातून जे वाईट झाले, तेही याच क्रमाने झाले.

माझा जन्म कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात झाला. केसाहून बारीक तार भिंगाखाली धरून बायकांनी ती माझ्या डोक्यांभोवती गुंडाळली. पुढे आठ वर्षे मी ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या रेडिओ केंद्रात नोकरी केली. साबणाच्या जाहिराती, रविवारची प्रवचने आणि बर्फ पडणार की नाही याच्या बातम्या, एवढेच माझे जग. मग तिथे माझ्याहून नवा आणि देखणा गडी आला, आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला क्लोव्हिस टार्पलीने उचलले. साल १९७३.

क्लोव्हिस तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. फ्रिजच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला दारे बसवायचा. त्याची आई आदल्या वर्षी वारली होती, आणि आईच्या घरात तो आणि त्याच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी थोरली बहीण वर्नेटा असे दोघेच उरले होते. वर्नेटाची मुलगी लग्न होऊन टोलेडोला गेली होती. वर्नेटा पहाटे इस्पितळाच्या धुलाईखान्यात जायची, दुपारी एकला परतायची आणि रविवारी चर्चमध्ये गायची. क्लोव्हिसला पियानोवर बोटे ठेवायला तिनेच शिकवले होते. माझी जागा तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी होती. ते यंत्र बंद असेल तेव्हाच आमचे काम चाले.

आता त्याचे काम कसे चाले ते सांगतो, कारण असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. माझ्या फितीवर चार ट्रॅक असतात, म्हणजे शेजारी शेजारी चार रस्ते. क्लोव्हिस आधी पहिल्या रस्त्यावर नुसते ड्रम वाजवायचा. सोबतीला कोणी नाही, गाणे नाही, काही नाही. सगळे गाणे त्याच्या डोक्यात. ड्रमचा आवाज फार खणखणू नये म्हणून त्यावर तो खिशातले पाकीट ठेवायचा. वाजवता वाजवता मध्येच रिकाम्या खुर्चीकडे बघून हसायचा. मला वाटे, याचे डोके फिरले आहे. मग दुसऱ्या दिवशी तो त्याच खुर्चीत बेस गिटार घेऊन बसायचा, आणि काल जिथे हसला होता नेमक्या तिथे एक खट्याळ सूर टाकायचा. जे अजून वाजलेच नव्हते, त्यालाच तो काल दाद देत होता! तिसऱ्या रस्त्यावर विजेचा पियानो आणि बासरी. बासरी तो जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाजवी, म्हणजे आवाज विहिरीतून आल्यासारखा येई. चौथा रस्ता गळ्यासाठी.

अशी नऊ गाणी झाली. तळघरातल्या त्या शेजाऱ्यावरून त्याने रेकॉर्डचे नाव ‘धुण्याचा दिवस’ ठेवले होते. मी यंत्र आहे, मला स्तुती जमत नाही. पण ती गाणी वाजवताना माझी चाके जरा हलकी फिरत, एवढे खरे.

तिसरे गाणे होते ‘ममाची खुर्ची’. त्या घरात जेवणाच्या टेबलाशी आईची एक खुर्ची होती आणि आई गेल्यावर तिच्यावर कोणी बसत नसे. पाहुणा चुकून बसायला गेला तर दोघेही एकदम ओरडत. ते गाणे वर्नेटाने गायचे ठरले. ती कामावरून थेट तळघरात आली. अंगाला खळीचा वास, पाय सुजलेले.

“सिस, बसून गा ना,” क्लोव्हिस म्हणाला.

“ममाच्या खुर्चीचं गाणं मी खुर्चीत बसून गाऊ? अक्कल काय कारखान्यात ठेवून आलास? चल, सुरू कर तुझं ते लोखंड. पायांत जीव आहे तोवर गाते.”

ती गायली. दुसऱ्या कडव्यात चौथ्या ट्रॅकचा आवाज मोजणारा माझा काटा उसळून लाल खुणेपलीकडे गेला. अशा वेळी आवाज खाली करायचा असतो. क्लोव्हिसचा हात बटणावर होता, पण तो हललाच नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. गाणे संपल्यावर वर्नेटाने पदराने पुसावे तसे ॲप्रनने तोंड पुसले.

“झालं. पुन्हा गा म्हणून मागे लागू नकोस. असलं एकदाच निघतं गळ्यातून.”

पंधरा दिवसांनी शिकागोहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. त्याने पहिली दोन गाणी ऐकली आणि खुर्चीवरून उठलाच. “ड्रम कोणाचे?” “माझे.” “बेस?” “माझा.” “बासरी? गळा? म्हणजे सगळं एकट्यानं?”

“सगळं एकट्यानं,” क्लोव्हिस म्हणाला.

तोंडातून निघून गेले. तिसरे गाणे त्याने लावलेच नाही. माणूस खूश झाला. “कव्हरवर हेच छापू. सारी वाद्ये, सारे आवाज, एक माणूस. लोक वेडे होतील!” बहिणीचा आवाज काढून टाक असे त्याने कधीच म्हटले नाही, हे सांगायलाच हवे. त्याला बहीण आहे हेही त्याला माहीत नव्हते.

तीन दिवस क्लोव्हिस माझ्यासमोर येरझाऱ्या घालत होता. मंगळवारी वर्नेटा कामावर असताना तो खाली आला, त्याने चौथ्या ट्रॅकची, आवाज भरायची लाल कळ दाबली आणि ते गाणे स्वतः गायला. माझे पहिले डोके पुसत गेले, दुसरे लिहीत गेले. मित्रांनो, मी अडून बसू शकलो असतो. फीत चाकात गुंतवू शकलो असतो. कुरकुरणारी यंत्रे करतातच तसे. पण आदल्याच आठवड्यात मला तेल मिळाले होते, आणि काम चोख करण्याचा मला गर्व होता. मी तिचा एक श्वाससुद्धा मागे ठेवला नाही.

क्लोव्हिस सुंदर गायला, खोटे कशाला बोलू? शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज फाटतो. जगभरच्या जाणकारांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली आहेत, की आईच्या दुःखाने तो आवाज फाटला. मी तिथे होतो. तो आईच्या दुःखाने फाटला नव्हता.

रेकॉर्ड छापून घरी आली तेव्हा वर्नेटाने चर्चमधल्या बायकांना केक खायला बोलावले. आमच्या घरात घर तापवणाऱ्या भट्टीचे पत्र्याचे नळ तळघरातून वरच्या खोल्यांत जात. ऊब वर जायची आणि बोलणे खाली यायचे, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“तिसरं गाणं माझं आहे हं! तेव्हा कोणी बशा वाजवायच्या नाहीत,” वर्नेटा बजावत होती.

तिसरे गाणे लागले. क्लोव्हिसचा आवाज आला. तो पूर्ण चार मिनिटे येत राहिला. बशा कोणीही वाजवल्या नाहीत.

“वर्नेटा, तू नेमकी कधी येतेस गं यात?” सिस्टर युलाली नावाच्या म्हाताऱ्या बाईने विचारले.

“मी? अहो, माझं म्हणजे... चाल मी बसवून दिली, असं म्हणत होते मी. घ्या ना केक. लोणी काय फुकट घातलंय का मी त्यात?”

ती हसली. बायकाही हसल्या. त्या हसण्यासारखा आवाज मी आयुष्यात टिपला नाही आणि टिपायची इच्छाही नाही.

तीन दिवसांनी ती धुण्याची टोपली घेऊन खाली आली. क्लोव्हिस तिथेच होता.

“माझं गाणं कुठं ठेवलंयस? दुसऱ्या फितीवर असेल ना?”

तो फितींची खोकी उगाच सरळ करू लागला.

“पुसलंस?”

“जागा नव्हती, सिस. चारच ट्रॅक असतात याला.”

वर्नेटाने एकेक कपडा यंत्रात टाकला. मग माझ्याकडे पाहिले. “मला ठाऊक आहे चार असतात ते. त्यातल्या तीन ट्रॅकवर तूच होतास.”

त्या उन्हाळ्यात ती मुलीकडे टोलेडोला राहायला गेली. घरातले तिने काहीच नेले नाही, फक्त ममाची खुर्ची नेली.

दोघांत भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर मिटले तरी असते. नाताळला फोन होई आणि दोन्ही गावांतल्या बर्फाची चौकशी होई. रेकॉर्ड फारशी खपली नाही, पुढे कंपनीही बुडाली. क्लोव्हिसने दुसरी रेकॉर्ड केली नाही. तो दारे बसवत राहिला. माझ्यावर चादर आली, चादरीवर नाताळच्या दिव्यांची खोकी आली. पस्तीस वर्षे मी तसाच बसलो होतो.

मग काय झाले कोण जाणे, पण जगाला ती रेकॉर्ड सापडली. जपानहून पत्रे आली. इंग्लंडहून तरुण मुले आली, ड्रमवर ठेवायच्या पाकिटाला हात लावून गेली. एकट्या माणसाने हे केले, असे जो तो म्हणे. क्लोव्हिस त्यांना ड्रमचे सांगे, बासरीचे सांगे, आणि तिसऱ्या गाण्याचा विषय निघाला की कॉफी करायला उठे. वर्नेटा तोवर वारली होती. तिच्या दफनाला तो गेला आणि चर्चमध्ये सगळ्यांत मागच्या बाकावर बसला, असे ऐकले.

शेवटी एक दिवस वर्नेटाची नात आली. तिचे नाव कॅमिल, टोलेडोच्या शाळेत संगीत शिकवते. रेकॉर्ड नव्याने निघणार होती, म्हणून नव्या कंपनीचा ग्रेडी नावाचा कारागीरही आला होता. त्याने माझे रबरी पट्टे बदलले, डोकी पुसली. जुन्या फिती चिकट झाल्या होत्या. त्या त्याने दिवसभर मंद उबेत ठेवल्या, तेव्हा कुठे त्या फिरू लागल्या.

“अंकल क्लो,” कॅमिल म्हणाली, “आजी सांगायची, तिनं एकदा इथं गायलं होतं. माझ्याकडं तिचा आवाज कुठंच नाहीये. फोनवर एक निरोप होता, तो फोन बदलताना गेला. या फितीत कुठं तरी... एखादा शब्द?”

क्लोव्हिस आता अठ्ठ्याहत्तरचा. त्याने ग्रेडीला तिसरे गाणे लावायला सांगितले, नुसता चौथा ट्रॅक, बाकी सगळे बंद. तिघेही माझ्यापुढे वाकून बसले. सुरुवातीची खरखर आली. कॅमिलने डोळे मिटले. मीही माझे तिसरे डोके शिणवून शिणवून शोधले. पण पन्नास वर्षांपूर्वी मी कामचुकारपणा केला नव्हता. खरखर संपली आणि क्लोव्हिसचा आवाज सुरू झाला.

“नाही,” ग्रेडी हळूच म्हणाला. “काहीच राहिलं नाही.”

क्लोव्हिसने फीत मागे नेली. मग त्याने वाकड्या झालेल्या बोटाने चौथ्याची लाल कळ दाबली.

“अहो, काय करताय?” ग्रेडी ओरडला. “याची नक्कल काढलेली नाही अजून! लोक याच आवाजासाठी रेकॉर्ड घेतात!”

“लोकांच्या घरी जुन्या रेकॉर्डी आहेत. ऐकू देत त्या. तू हात लावू नकोस, पोरा.”

गाणे चार मिनिटे चालले. क्लोव्हिस माइकसमोर तोंड मिटून उभा होता, बसला नाही. माझे पहिले डोके पुसत गेले, आणि दुसऱ्याला लिहायला काहीच मिळाले नाही.

कॅमिल रडत होती. रागावलीही होती. “याने आजी परत आली का?”

“नाही आली, बाळ. पण मी तिच्या जागेवर बसलो होतो. तिथून उठलो.”

नवी रेकॉर्ड निघाली. तिसऱ्या गाण्यात ड्रम आहेत, बेस आहे, बासरी आहे, आणि गळा नाही. कव्हरवर मात्र त्या गाण्यापुढे छापले आहे, ‘आवाज : वर्नेटा टार्पली’. लोक कंपनीला पत्रे पाठवतात, छापताना चूक झाली का म्हणून विचारतात. चूक झाली होती, पण छापताना नव्हे.

मी आता कॅमिलच्या शाळेत असतो. मुले माझ्यावर गाणी भरतात. माझ्या लाल कळांवर तिने कागद चिकटवला आहे. कळ दाबण्याआधी प्रत्येकाने मोठ्याने विचारायचे, “इथे आधी कोण आहे?” आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचे. मुलांना हा खेळ वाटतो, ती हसतात. मित्रांनो, मला तीन डोकी होती, पण हे विचारायला एकही तोंड नव्हते. तुम्हाला आहे. विचारत जा.