ज्याचं त्याचं लॉगिन

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दवाखान्यात ब्राउजर बंद करायचा नाही, असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. पण लोक तो अखंड दिव्यासारखा जपत. नोंदणीची प्रणाली जुनी. एकदा आत घेतलेल्या माणसाला ब्राउजर उघडा असेपर्यंत ती बाहेर काढत नसे. म्हणून गोविंद नावाच्या भिडस्त क्लार्कने केव्हातरी नोंदणीच्या सगळ्या खिडक्यांवरच्या संगणकांत स्वतःचा पासवर्ड टाकून दिला होता, आणि तेव्हापासून कुठल्याही पाळीत, कोणीही बसो, काम गोविंदच्या नावाने चाले. गोविंद अयोध्या नगरातल्या घरी वरणभात कालवत असे आणि इकडे त्याच्याच नावाने म्हाताऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या मिळत. सगळ्यांची सोय होती. सोय म्हटली की आपल्याकडे कोणी पुढचं विचारत नाही.

सोमवारी ही सोय अंगाशी आली. कारखान्याच्या संगणक विभागाची प्रमुख कांचन देशकर. तिचे आजोबा राज्यपुनर्रचनेत नागपूरहून सरकारी दप्तरासोबत भोपाळला आले, तेव्हापासून हे घराणं इथलंच. कारखान्यात, कार्यालयांत, दवाखान्यात जेवढे संगणक होते तेवढ्यांवर तिनेच विंडोजच्या जागी लिनक्स ही खुली, फुकटची प्रणाली आणली होती, वरच्यांशी भांडून, आणि त्या संगणकांचं बरंवाईटही तिच्याच डोक्यावर होतं. ती ब्राउजरची सावकाश बदलणारी, भरवशाची आवृत्ती वापरी. त्या आवृत्तीत नवा नट्टापट्टा येत नाही, फक्त सुरक्षेतली भोकं बुजवणारे अपडेट येतात. असाच एक अपडेट तिने जेवणाच्या सुट्टीत पाठवला. जेवायला जाताना माणसं ब्राउजर बंद करून उठतात, असा तिचा समज.

दवाखान्यात तो उघडाच होता. चालत्या ब्राउजरच्या खालून जुन्या फायली गेल्या, नव्या आल्या, आणि तो अडून बसला. सगळ्या खिडक्यांवर एकच सूचना: ब्राउजर पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केला तर पासवर्ड हवा, आणि तो एकट्या गोविंदला ठाऊक. गोविंद रजेवर, फोन बंद. निवृत्त मंडळींची रांग फाटकापर्यंत गेली, आरडाओरडा झाला, एका आजोबांना घेरी आली. अखेर गोविंदचा फोन लागला. त्याने सांगितलेला पासवर्ड एकाने मोठ्याने ओरडून सगळ्या खिडक्यांना ऐकवला. रांगेतल्यांनीही ऐकला. त्या धांदलीत कोणीतरी एकाच्या गोळ्या दुसऱ्याच्या कार्डावर चढवल्या.

नोंद अर्थातच गोविंदच्या नावाने झाली, आणि मंगळवारी कारणे दाखवा नोटीसही त्याच्याच हातात पडली.

टाउनशिप आणि संगणक विभाग दोन्ही ज्यांच्या हाताखाली, त्या महाव्यवस्थापक काळमेघ साहेबांनी बुधवारी कांचनला बोलावलं. साहेब वाईट नव्हते. पण त्यांना शांतता फार प्रिय होती, आणि त्यांच्या मते शांतता म्हणजे तक्रार आपल्या टेबलापर्यंत न येणं.

"देशकर मॅडम, तुमचे ते अपडेट बंद करा. सगळीकडचे, कायमचे. जे चालतंय त्याला हात लावायचा नाही."

"सर, जेवणाच्या सुट्टीत पाठवणं ही माझी चूक झाली. ती मी दुरुस्त केलीय. आता अपडेट संगणक सुरू होताना बसेल, कामाच्या मधे नाही. पण कायमचे बंद मी करणार नाही."

"करणार नाही?" हा शब्द साहेबांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

"नाही. भोकं सापडत राहणार आणि आपण ती उघडी ठेवणार. दवाखान्यात अख्ख्या टाउनशिपची दुखणी लिहून ठेवलेली आहेत, सर. तुमचीसुद्धा."

साहेबांनी सूर बदलला. "कांचनताई, आपण मराठी माणसं. गणपतीत एका पंगतीला बसतो. मला का अडचणीत आणता?"

"पंगतीला बसू की. त्याचा याच्याशी काय संबंध?"

"मग ऐका. संध्याकाळपर्यंत बंद झाले नाहीत, तर विभाग दुसऱ्याकडे जाईल. तुम्ही भांडारात बसा. नटबोल्ट मोजा."

भांडाराची कांचनला लाज नव्हती. पण हा विभाग तिने एकेक संगणक उघडून, पुसून, शिकवून उभा केला होता. तो उद्या कोणा होयबाच्या हाती जाईल, या विचाराने तिचे डोळे चुरचुरले. तरी तिने विचारलं, "आणि गोविंदचं काय?"

"त्याचं काय? नोंद त्याच्या नावाने आहे. उत्तर तो देईल."

भीती होती ती इथे संपली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळा दवाखाना एका माणसाच्या नावावर जगतो, आणि निस्तरायची वेळ आली की तोच एकटा? ती उठली, खाली आपल्या जागेवर गेली आणि तिने खरंच अपडेट बंद करण्याची मागणी टाइप केली. असा बदल कोणाही एकाच्या मनाने होत नाही. त्याला महाव्यवस्थापकांची मंजुरी प्रणालीतून लागते, आणि मंजूर करताना पासवर्ड पुन्हा टाकावा लागतो. मागणी पाठवून ती परत वर आली.

"मागणी तुमच्या पडद्यावर आहे, सर. मी माझ्या नावाने हे करणार नाही. तुम्हाला करायचंय ना, तुमच्या नावाने करा. मंजूर दाबा."

"एवढंच ना?" साहेब हसले. त्यांनी घंटी वाजवली. "रजनी, जरा हे मंजूर करून टाक."

रजनी त्यांची स्वीय सहायक. साहेबांच्या सगळ्या मंजुऱ्या तीच देत असे; साहेब दिल्लीला असले तरी, झोपलेले असले तरी. ती आली, पडद्यापाशी वाकली, मागणी वाचली. मग सरळ उभी राहिली.

"सर, पासवर्ड तुमचा आहे. तुम्हीच टाका."

"मला कुठे माहीत आहे?"

"मग मलाही माहीत नाही, सर."

"अगं, रोज टाकतेस की!"

"टाकत होते." रजनी मागे सरली नाही. "काल गोविंदभैयाची नोटीस मीच टाइप केली. बिचारा रजेवर होता, उसकी क्या गलती? उद्या या मंजुरीवरून काही लफडा झाला तर तुम्ही म्हणाल, मी नव्हतो, रजनीने दाबलं. साफ सांगते सर, मला हे नाही होणार आता."

साहेबांचा चेहरा पडला. कांचनला त्यांची थोडी कीवही आली. एवढा मोठा माणूस, एवढा मोठा दिवाणखान्यासारखा कक्ष, आणि स्वतःच्याच नावाने आत शिरता येत नाही.

"नव्या पासवर्डची सोय मी आत्ता करते," ती म्हणाली. "फक्त तो तुम्ही ठरवायचा आणि तुम्हीच टाइप करायचा. रजनीला सांगायचा नाही, मलाही नाही. मग मंजूर दाबा. अपडेट कोणी बंद केले, हे तुमच्या नावाने कायमचं नोंदलं जाईल."

साहेबांचा हात कळफलकापर्यंत गेला. तिथे थांबला. मग त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला आणि सगळा राग एकदम बाहेर पडला.

"तुमची बदली करतो मी! आजच्या आज!"

"करा ना, सर," कांचन म्हणाली. "भांडारात जाईन, नटबोल्ट मोजीन. पण ती मंजुरीही याच पडद्यावरून जाते. तीसुद्धा तुम्हालाच दाबावी लागेल."

ती जिना उतरून खाली आली. भांडारात जायचं तर उद्या जाऊ. आज विभाग तिचा होता. तिने दवाखान्यातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला त्याचं स्वतःचं लॉगिन उघडून दिलं. फोन करून सांगितलं, "पाळी संपली की ब्राउजर बंद करून उठायचं." पलीकडून कुरकुर सुरू झाली, रांग लागेल, उशीर होईल, आतापर्यंत कुठे काय बिघडलं होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग एकेक करत सगळ्या खिडक्यांवरून तिने गोविंदचं नाव उतरवलं.