डोक्यामागचा वण

दार उघडलं आणि माझी बोबडीच वळली. दारात माझा धाकटा भाऊ शाम उभा होता. डोक्याला भलीमोठी पट्टी गुंडाळलेली आणि कपाळ सुजून डोळ्यांवर उतरलेलं. वाशिंदच्या एका कारखान्यात तो कामाला होता आणि राहायला आमच्याकडेच. मला वाटलं, मशिनीत सापडला.

"काय झाला रे? कुठं आपटलास?"

"ताई, ओरडू नको. केस लावून आलो," तो म्हणाला.

ही दोन हजार पाच सालातली गोष्ट. शामला पंचविशीतच टक्कल पडायला लागलं होतं. मुरबाडकडच्या दोन स्थळांनी नकार दिला. त्यातल्या एका मुलीच्या मावशीनं तर शामकडे बघत आईला विचारलं, "मुलाचे काका आले, पन नवरामुलगा कुठं हाय?" त्या दिवसापासून शामनं आरशात बघणं सोडलं. त्याच्या मनाला लागलं होतं, हे मला कळत होतं. पण एवढ्यासाठी कुणी ठाण्याला जाऊन डोकं चिरून घेईल, हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तेव्हा मी मोरीच्या भिंतीला धरून उभी राहिले. मागच्या बाजूनं, या कानापासून त्या कानापर्यंत, केसांसकट कातडीची पट्टीच काढून घेतलेली. दोन्ही कडा ओढून गोधडीला घालतो तसे टाके घातलेले. त्या पट्टीतला एकेक केस सुटा करून पुढे टकलावर रोवला होता.

"लावणी केली तुझ्या डोस्क्यात," मी म्हटलं. त्याला हसू आलं, पण हसलं की टाके ताणायचे, म्हणून तो तोंड धरून बसला.

मग माझं काम सुरू झालं. रात्री दोन उशा लावून त्याला अर्धवट बसवून झोपवायचं. सकाळी कोमट पाणी मगातून हळूहळू सोडायचं, चोळायचं नाही. खपल्या धरल्या की खाज सुटायची आणि त्याचा हात आपोआप वर जायचा. मी त्या हातावर चापट मारायची. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की मान फार वाकवायची नाही आणि वजन तर मुळीच उचलायचं नाही, नाहीतर मागची जखम ताणेल. आणि शामनं मला आईची शपथ घातली, की गावाकडे यातलं काही बोलायचं नाही. घेतली मी शपथ. भाऊ पडला ना माझा.

एवढ्यात आमच्या चांगोकाकांचा निरोप आला, कापणी झालीय, भारे वाहायला ये. हे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि आमचे वडील गेल्यापासून घर त्यांच्याच जिवावर चाललेलं. डोळखांबच्या पुढं आमचा पाडा. तिथं गाडी जात नाही, शेतातून खळ्यापर्यंत भाताचा भारा डोक्यावरूनच न्यावा लागतो. "काय तरी कारन सांग, जाऊ नको," मी त्याला बजावलं. तो गेलाच. काका साठीच्या पुढचे, ते भारा उचलतात आणि धडधाकट पुतण्या बांधावर उभा, असं आमच्याकडे कसं दिसेल? त्यानं डोक्याला घट्ट फडकं बांधलं, त्यावर चुंबळ ठेवली आणि दिवसभर भारे वाहिले.

तो परत आला तेव्हा फडकं जखमेला चिकटलेलं. पाणी लावून सोडवलं तर मागचे टाके मधोमध उसवून जखम उघडी. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. आणि बोलता बोलता रडले. ठाण्याच्या डॉक्टरांनी पुन्हा टाके घातले आणि सांगितलं, की आता जखम भरेल, पण वण रुंदच राहील, त्यावर केस येणार नाहीत.

तरी आम्ही सोडलं नाही. जखम भरल्यावर डॉक्टरांनी चिकट पट्टी दिली, ती रोज लावली. मलम घेऊन बोटानं वण गोल गोल चोळला. ताठर झालेली कातडी हळूहळू मऊ पडली, लाली जाऊन पांढरी झाली. मधल्या काळात पुढे रोवलेले केसही गळून पडले. शाम उशीवरचे केस वेचत बसायचा. हे होणारच, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, पण ऐकतो कोण? मग पहिल्या पावसानं कोंब फुटावेत तसे बारीक बारीक केस आले आणि पुढच्या दिवाळीपर्यंत माझा भाऊ भांग पाडायला लागला. पाड्यावर त्यानं सांगितलं, की कुणीतरी औषधी तेल दिलं. मागचे केस जरा लांब ठेवले, की वण झाकला जायचा.

पुढच्या उन्हाळ्यात मुरबाडजवळच्या रुपाशी त्याचा साखरपुडा झाला. मुलगी सावळी, मोकळ्या स्वभावाची. आई तर हरखून गेली. लग्न मार्गशीर्षात ठरलं. आणि भात कापायच्या आधीच चांगोकाका शेतावर बसल्याजागी गेले.

शामनंच अग्नी दिला. मला भीती होती ती दहाव्याची. आमच्यात दहाव्याला भावकीतले सगळे पुरुष नदीवर डोकं भादरून घेतात. अग्नी देणाऱ्याला तर सुटकाच नाही.

आम्ही बायका घरीच होतो. नदीवर लखमा न्हाव्याचा वस्तरा मागे गेला आणि थांबला, हे मला नंतर कळलं. "तार लागली होती," असं शामनं तिथं सांगितलं म्हणे. पुरुषमंडळी परत आली ती खालच्या आवाजात बोलत. शामच्या डोक्यावर ओला पंचा होता.

मग टोपी घालायची वेळ आली. भादरलेल्या माणसाला सोयऱ्यांनी अंगणात बसवून टोपी घालायची, खांद्यावर टॉवेल टाकायचा, ही आमची रीत. रुपाचे वडील भगीरथ नव्या सोयरिकीच्या मानानं स्वतः आले होते. शाम पाटावर बसला. भगीरथमामांनी पंचा काढला, टोपी घातली, मागून सारखी करायला हात नेला आणि त्यांचा हात तिथंच राहिला.

त्यांनी टोपी परत वर केली. सगळं अंगण बघत होतं. गुळगुळीत डोक्यावर तो पांढरा, बोटभर रुंद पट्टा लख्ख दिसत होता. "तार लागलेली त्याला," भावकीतलं कुणीतरी म्हणालं.

"ह्यो तारेचा नाय," ते म्हणाले. "ह्यो डाक्टरचा हाय. डोक्याचा आपरेशन झालाय तुमचा?"

मी शामकडे बघत होते. आता सांगेल, सगळे हसतील, विषय संपेल. शामनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला,

"गाठ होती. काढली."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. आई ओसरीवरून उठली आणि तिथंच खाली बसली. तिला रडूही फुटेना. भगीरथमामांनी खूप सावकाश टोपी पुन्हा नीट बसवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "आमाला आधी सांगायला पायजे होता, पावनं. घरी बोलून कळवतो." जेवायलाही थांबले नाहीत.

मी शामला गोठ्यामागे ओढत नेलं. "लाज नाय वाटत? आई मरंल तिकडं. जा, खरा काय ते सांग."

"गाठ म्हटली तर मान्सं हळहळतात ताई," तो म्हणाला. "टक्कल म्हटला तर हसतात. हसलेला मला नाय सोसत."

"आणि लगीन मोडला तर?"

"मोडू दे. आनि तुला आईची शपथ हाय."

ज्याचं डोकं मी महिनोन्‌महिने धुतलं, तो हाच का, असं वाटलं. आईनं त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. येता-जाता शामच्या अंगावरून हात फिरवायची आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन बसायची. जिच्या नावाची शपथ, तिचेच असे हाल.

तेरावा होऊन गेल्यावर भगीरथमामा पुन्हा आले. सोबत रुपा. लग्नाआधी मुलगी सासरच्या दारात, हे पाड्यावर कुणी पाहिलं नव्हतं. आईनं घाईघाईनं चटई टाकली.

"मी नको बोललो होतो," भगीरथमामा म्हणाले. "पोरगी ऐकंना. तिच्याच तोंडून ऐका."

रुपा शामकडे बघून म्हणाली, "आपरेशन झाला, तुमी बरं झालात, मग इषय संपला. आनि परत काय झालाच, तर मी हाय. दवाखाना, औषधपानी, सगला करीन मी. लगीन मोडायचा नाय."

आईनं तिचे हातच धरले. माझे डोळे भरून आले. आणि मी शामकडे पाहिलं, तर तो हसत होता. सुटलो एकदाचा, अशा चेहऱ्यानं.

तेव्हा माझं डोकं फिरलं. शपथ गेली खड्ड्यात. मी उठले आणि त्याच्या डोक्यावरची टोपी काढली.

"गाठ कसली? टक्कल होता ह्याला. मागचं केस काढून पुढं लावलेत, त्याचा वण हाय ह्यो. मी धुतलाय, मी चोळलाय."

"गाठ नाय?" आई म्हणाली. "शाम, गाठ नाय ना रे?" आणि इतके दिवस दाबलेलं रडं तिला तेव्हा फुटलं.

रुपा जवळ गेली. वाकून तिनं तो वण या कानापासून त्या कानापर्यंत नीट पाहिला. "खरा हाय?" तिनं विचारलं. शामनं मान डोलावली. कुणीच हसलं नाही.

"गाठीवाल्याशी लगीन करायला मी बापाशी भांडून आले," ती म्हणाली. "टकल्याशीपन केला असता, त्यात काय. पन आईला असा रडत ठेवून जो गप बसला, त्यो कोन, ते मला म्हाईत नाय."

तिनं आईला वाकून नमस्कार केला, चपला घातल्या आणि वडिलांच्या पुढं चालायला लागली.